गौतमीची सोबत

मुलाची शाळा सुटायची तेव्हा घरात निदान दोन दिवस कालवा व्हायचा. मास्तर दारात यायचे, बापाला समजावायचे, पोरगं कोपऱ्यात तोंड पाडून उभं राहायचं, आई पदर डोळ्याला लावायची. मुलीची शाळा मात्र आवाज न करता सुटायची. एखाद्या सोमवारी ती गेली नाही, एवढंच. कुणी विचारलं तर घरचे म्हणायचे, "आता बास झालं की." आणि विचारणाऱ्यालाही ते पटायचं.

चुडाव्याहून पूर्णेच्या हायस्कूलला जाणाऱ्या पोरी अशाच एकेक करून गळाल्या. आठवीच्या जूनमध्ये पाच जणी सकाळच्या प्यासिंजरमध्ये खिडकीसाठी भांडत होत्या. एकीच्या घरी पाळणा हलला, तो हलवत ठेवायला ती मागं राहिली. एकीला इंग्रजीनं धरलं आणि बापानं सोडवलं. एकीला न्हाण आलं, तेव्हा आजीनंच निकाल लावला. नववी संपेपर्यंत दोघी उरल्या. गँगमन लिंबाजीची गौतमी आणि दत्तरावांची चंद्रकला.

दत्तराव गावातले मोठे शेतकरी. लिंबाजी रेल्वेचा नोकर, राहायला बौद्धवाड्यात. दोन घरांच्या मधे गावाची सगळी रीतभात आडवी पडलेली. चंद्रकलेच्या आईनं, नर्मदाबाईनं, गौतमीला कधी उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं. पण गाडीचा डबा हे गावाबाहेरचं ठिकाण. तिथं दोघींच्या भाकरी एकाच फडक्यावर उघडायच्या, आणि गौतमीच्या आईच्या हातचा ठेचा खाऊन चंद्रकला नाक पुसत पुसत म्हणायची, "आजून दे." दत्तरावांना हे ठाऊक होतं आणि नव्हतंही. लेकीला सोबत हवी होती, आणि पूर्णेला जाणारी दुसरी पोरगी गावात उरली नव्हती.

सोबत. त्या काळी पोरीच्या दप्तरात पुस्तकाच्या आधी ही घालावी लागायची. सोबत असली की पोरगी शाळेत, नसली की चुलीपुढं. एकीनं दुसरीला आणि दुसरीनं पहिलीला असं धरून ठेवलं होतं, की एक जण सुटली तर दुसरी आपोआप पडावी.

दहावीच्या वर्षी, परीक्षा चार महिन्यांवर आलेली असताना, चंद्रकलेचं लग्न ठरलं. मुलगा पालमचा, घरचं दुकान. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चुडाव्याच्या फलाटावर उतरल्यावर तिनं आपली कंपासपेटी गौतमीच्या हातात ठेवली.

"घे. तिकडं मला कोन गोल काढायला लावनार हाय? भाकरी बिनकंपासच्याच गोल होत्यात."

आणि हसता हसता ती तोंड फिरवून चालायला लागली. गौतमीनं हाक मारली नाही. मारली असती तर दोघी तिथंच रडत बसल्या असत्या.

त्या रात्री जेवताना लिंबाजी म्हणाला, "आता बास झालं की."

गौतमीची आई सगुणाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती तव्यावरच सोडून ती नवऱ्याकडं वळली.

"चार म्हैन्यासाठी?"

"चार असू का एक. सोबत न्हाई. गाडीत कोन कसं बसतंय ते मला इचार. सारा दिस लाईनीवर आस्तो मी."

लिंबाजी वाईट माणूस नव्हता. हातोडी घेऊन मैलोन्‌मैल रूळ चालायचा, जोड ठोकून बघायचा. आवाज खणखणीत आला की पुढं, बद्द आला की थांबायचा. आयुष्यभर हेच केल्यामुळं त्याला कुठंही जोड सैल दिसला की आधी अपघातच दिसायचा. गौतमी खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिली. तिनं एकदाही 'मला जायचं हाय' म्हटलं नाही, आणि सगुणाबाईला तेच सोसेना. पोरगी रडली असती तर दोन धपाटे घालून गप करता आली असती.

"मी जाते सोबतीला," सगुणाबाई म्हणाली.

लिंबाजीला ठसका लागला. त्याची बायको गँगमनची बायको असूनही गाडीत दोनदाच बसली होती, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून.

"तू?"

"व्हय, मी. सकाळी तिच्यासंगं जाते, सांजच्याला तिच्यासंगं येते. सोबतीला मानूसच लागतंय ना? का त्याला बी दहावी पास लागतंय?"

 सोबत नाही म्हणून शाळा नाही, हे लिंबाजीचंच म्हणणं. आता सोबत समोर बसून भाकरी थापत होती. पाणी पिऊन तो एवढंच म्हणाला, "बघू. पर सोबत तुटली की शाळा तुटली. मंग मला सांगायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशीपासून सगुणाबाईनं दत्तरावांचा कापूस वेचायला जाणं सोडलं. पहाटे लाईनीच्या कडेचं गवत कापायचं, भारा बांधायचा, आणि तो घेऊन लेकीच्या मागं गाडीत चढायचं. पूर्णेत स्टेशनाबाहेर तांग्यांचा अड्डा होता. तिथला बाबूमियां घोड्यासाठी गवत घ्यायचा. तिकिटाचं भागून मिठा-मिरचीला उरायचं.

शेजारची धुरपताबाई पहिल्याच दिवशी वाटेत उभी राहिली. "कामून गं सगुणे, शाळेला चाललीस? पाटी घेतलीस का?"

"घेतली की. तुव्हं बी नाव घालू का? जागा रिकामी हाय म्हनं पहिलीत."

"नगं बाई. म्हतारपनी छड्या कोन खाईल?"

"खा की. घरी बी खातीसच."

धुरपताबाई हसली ती हसतच घरी गेली आणि सगळ्या वाड्यात सांगत सुटली.

गवत विकून झालं की सगुणाबाई शाळेसमोरच्या लिंबाखाली येऊन बसायची. मांडीवर वाकळ, जुन्या लुगड्यांचे तुकडे, सुई-दोरा. चार महिने रिकाम्या हातानं बसायची तिची जात नव्हती. खिडकीतून मास्तरांचा आवाज यायचा, त्यावर टाका पडायचा. इतिहासाला टाके लांब पडायचे, गणिताला बारीक. मधल्या सुट्टीत गौतमी येऊन शेजारी भाकरी खायची. हळूहळू तिच्या वर्गातल्या दोघी-तिघीही तिथंच बसायला लागल्या, कारण ठेचा.

परतीच्या गाडीत गौतमी मोठ्यानं धडा वाचायची आणि सगुणाबाई ऐकायची. धड्यातलं तिला काही कळत नसे. पण पोरीचा आवाज कुठं अडखळला ते बरोबर कळायचं.

"हितं कामून थांबलीस? पुन्ना वाच."

"माय, तुला काय समजायलंय?"

"मला न्हाई समजायलं. तुला बी न्हाई समजायलं, म्हनून थांबलीस. वाच पुन्ना."

गाडीत चढण्याची धास्तीही गेली. गेली म्हणजे इतकी गेली, की जागा धरण्यात सगुणाबाईचा हात कुणी धरीना. रीत अशी होती की खिडकीतून ज्याचं फडकं आधी बाकड्यावर पडेल त्याची जागा. कुणी टॉवेल फेकायचं, कुणी टोपी. सगुणाबाई वाकळ फेकायची. वाकळीखाली अख्खं बाकडं यायचं. लोक कुरकुरायचे, पण वाकळ उचलून बाजूला करायची कुणाची छाती व्हायची नाही, कारण मागोमाग विळा कमरेला खोचलेली सगुणाबाई आत यायची.

पुलाच्या जिन्याखाली उभी असते ती आपली गाडी, एवढं तिनं पक्कं केलं होतं. पाटीवरचं नाव वाचता येत नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नव्हती.

शनिवारी शाळा सकाळची असायची. माघातल्या एका शनिवारी मायलेकी दुपारी स्टेशनात आल्या. गौतमी म्हणाली, "माय, हितंच ऱ्हा, मी पानी भरून येते," आणि पुस्तकं आणि मायची विळा-दोरी ठेवलेली पिशवी सांभाळत, तांब्या घेऊन नळाकडं गेली. नळावर ही गर्दी. तेवढ्यात पुलाच्या जिन्याखाली गाडी लागली. लोक धावले. सगुणाबाईनं पदर खोचला, वाकळ फेकली आणि आत शिरली.

आत एक जाडजूड बाई वाकळीच्या कडेवर बूड टेकायच्या बेतात होती.

"ओ बाई, उठा. मही लेक येयलीय."

"येऊ द्या की. आल्यावर बघू."

"दहावीला हाय ती."

"दहावीला असू न्हाईतर बालिस्टर असू. जागा बुडाला लागती, परीक्षेला न्हाई."

डब्यात हशा पिकला. सगुणाबाई असल्या बोलण्याला हार जाणारी नव्हती. तिनं पदर सावरून उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ते उत्तर चांगलं रंगात आलं असतानाच शिट्टी झाली.

शिट्टीचंही तिला काही वाटलं नाही. पूर्णेत गाडी शिट्टी देते, पुढं जाते, मागं येते, पाणी पिते, मग केव्हातरी सुटते, असा सगळ्या जगाचा अनुभव. पण ते साल आणीबाणीचं. गाड्यांनाही शिस्त लागली होती. वाड्यातल्या कितीतरी माणसांच्या गाड्या त्या साली केवळ वेळेवर सुटल्यामुळं चुकल्या होत्या. गाडी हलली, आणि हलली ती थांबलीच नाही.

खिडकीतून सगुणाबाईला फलाटावर गौतमी दिसली. हातात भरलेला तांब्या, खांद्याला पिशवी, धावत येत होती.

"माय, उतर! ही वसमतची गाडी हाय!"

सगुणाबाई दाराकडं झेपावली. गाडीनं वेग धरला होता. गौतमीनं ते पाहिलं आणि धावता धावताच आवाज बदलला.

"उतरू नको! माय, उडी मारू नको! म्होरल्या इस्टेशनात उतर! मी हितंच हाय! हितंच हाय मी!"

मग फलाट संपला.

त्या जाडजूड बाईनं सगुणाबाईला दंडाला धरून मागं ओढलं आणि बाकड्यावर बसवलं. स्वतः उठून उभी राहिली. "बस, माय. बस आता. सारी जागा तुहीच." पण सगुणाबाईला बसवेना. तरणी पोर जंक्शनात एकटी. ज्या एका गोष्टीसाठी ती महिनोन्‌महिने गवत कापत होती, तीच गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं करून ठेवली होती. आणि तीही जागा धरायच्या नादात. डोळ्यांपुढं लिंबाजी दिसत होता. ओरडणारा नव्हे. ओरडला असता तर बरं. 'आता बास झालं की' म्हणून भाकरीला हात घालणारा.

पुढचं स्टेशन म्हणजे एक खोली, एक बाभूळ आणि एक घंटा. गाडी पुरती थांबायच्या आत तिथले स्टेशनमास्तर हिरवे-तांबडे बावटे काखेत धरून डब्याडब्यापाशी ओरडत आले. "चुडाव्याच्या गँगमनची बायको कोन हाय?"

"मी," सगुणाबाई म्हणाली. माणूस गाडीतून उतरायच्या आधी त्याची बातमी उतरलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"पूर्नेहून फोन आला. हिरवं लुगडं, काखेत वाकळ, आन् रडत असंल, म्हनं."

"मी रडत न्हाई," ती वाकळीनं डोळे पुसत म्हणाली.

मास्तरांनी तिला बाकड्यावर बसवलं, चहा दिला. "परतीची गाडी आली की मी बसवून देतो. घोर करू नका. तुमच्या लेकीनं नीट सांगितलंय सारं. तिकडच्या मास्तरनं शेवटी तिच्याच हातात फोन दिला. म्हनली, 'मायला सांगा, मी तिकिटाच्या खिडकीम्होरच्या बाकड्यावर बसले हाय. ती येईस्तवर उठत न्हाई. आन् चुडाव्याच्या गाडीच्या गार्डासंगं बाला निरोप धाडलाय.'"

"बाला?" सगुणाबाईनं कपबशी खाली ठेवली. "त्यो निरोप माघारी घेता येत न्हाई का?"

"गाडी गेली की, बाई. त्या गाड्या बी आता वेळेवर सुटायल्यात."

 मग मास्तरांनी विचारलं, "तुमी पूर्नेला कशाला गेला व्हता?"

"लेकीच्या सोबतीला."

मास्तर हसले नाहीत. बावटे गुंडाळून ठेवण्यात त्यांनी नको तितका वेळ लावला, एवढंच.

परतीची गाडी पूर्णेला टेकली तेव्हा उन्हं कलली होती. गौतमी सांगितलं होतं त्याच बाकड्यावर होती. मांडीवर भूमितीचं पुस्तक, पायाशी पिशवी, आणि बाजूला दुपारचा तो तांब्या, काठोकाठ भरलेला, वर वहीचं पुठ्ठं झाकलेला.

"पानी पी, माय."

सगुणाबाईनं तांब्या हातात घेतला. पोरीचे ओठ सुकलेले होते. तिनं एक घोटही घेतला नव्हता.

"तू कामून पेली न्हाईस?"

"संपलं असतं तर भराया उठावं लागलं असतं. मी उठले असते आन् तू आली असतीस, तर तू मला कुठं हुडकलं असतंस? तुला तर पाटी बी वाचता येत न्हाई."

तेव्हा मात्र सगुणाबाई रडली. गौतमीनं तिला रडू दिलं, मग तिच्या हातातली वाकळ घेऊन घडी घातली.

"बाला कामून कळविलंस गं? आता शाळा गेली तुही."

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं त्यानं. त्याच्यापरीस मह्या तोंडून बरं." वाकळ काखेत मारून गौतमी म्हणाली, "आन् शाळा गेली तर गेली. आज तर मायच गेली होती."

चुडाव्याच्या फलाटावर लिंबाजी हातोडी खांद्यावर घेऊन उभा होता. घरी जाऊन ठेवायची शुद्ध त्याला राहिली नव्हती. बातमी गावभर झाली होती. धुरपताबाई होती, आणखी चार जण होते, आणि पालमच्या पाहुण्यांना गाडीत बसवायला आलेले दत्तरावही होते.

"बघ लिंबाजी," दत्तराव म्हणाले, "म्हनून आमी आमच्या पोरीचं वेळेवर उरकलं. पोरीच्या जातीला बाहेर काय घडंल सांगता येत न्हाई."

लिंबाजीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तो लेकीसमोर उभा राहिला. जोड ठोकून बघावा तसा एकेक प्रश्न टाकायला लागला.

"गाडी गेल्यावर आदी काय केलंस?"

"इस्टेशन मास्तरकडं गेले. मनलं, मी चुडाव्याच्या लिंबाजी गँगमनची लेक हाय, मही माय वसमतच्या गाडीत गेली."

"मंग?"

"त्यानं म्होरं फोन केला. मंग चुडाव्याची गाडी आली, तवा गार्डाला निरोप सांगितला."

"त्याच गाडीत बसून कामून आली न्हाईस?"

"माय माघारी येनार व्हती की."

"कोनी काही बोललं?"

गौतमी क्षणभर थांबली.  आवाज कुठं अडखळतो ते सगुणाबाईला कळत होतं.

"एक जन आला. मनला, चल, तुला चुडाव्याला सोडतो. मी मनलं, मह्या बाची गँग ह्याच लाईनीवर हाय, हातोडी घिऊन येयलाय, त्याला इचारा. तवा त्याला लघवीला लागली, त्यो गेला."

धुरपताबाई फिसकन हसली. लिंबाजी हसला नाही.

"भ्याली व्हतीस?"

"व्हय," गौतमी म्हणाली. "लय. पर भूमितीचं परमेय पाठ व्हयीस्तवर भ्यायचं न्हाई मनलं. पाठ झालं, तवर माय आली."

 लिंबाजीनं खांद्यावरची हातोडी खाली घेतली, तिचा दांडा जमिनीवर टेकला आणि मग दत्तरावांकडं वळला.

"ऐकलंत, दत्तराव? कुठं बद्द वाजलं न्हाई."

मग लेकीला म्हणाला, "सोमवारपासून तुला सोबत नको. एकली जा. मार्चाची परीक्षा दिऊनच थांब, आन् थांबायचं का न्हाई ते बी मंग तूच सांग."

 बायकोला मात्र त्यानं वेगळंच सांगितलं.

"आन् तू घरी ऱ्हा. पोरीनं अभ्यास करावा का तुला हुडकावं?"

"मी कामून घरी ऱ्हाऊ?" सगुणाबाई म्हणाली. "बाबूमियांच्या घोड्याला काय तुमी गवत घालनार? आन् निम्मी वाकळ शिवायची ऱ्हायलीय मही त्या लिंबाखाली."

रविवारी सकाळी एक नवल झालं. नर्मदाबाई बौद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही, पण परतही गेली नाही. सगुणाबाईच बाहेर आली.

"सगुणाबाई, आमची धाकटी जूनला आठवीत जाईल," नर्मदाबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली. "थोरलीचं झालं ते झालं. तुमची गौतमी म्होरं बी जानार हाय का पूर्नेला?"

"तिचं तीच सांगंल. पर मी हाय की जायला."

नर्मदाबाईनं तिच्याकडं पाहिलं. पदर तोंडाशी नेला. "तुमी न्याल तिला वसमतला."

आणि दोघी इतक्या हसल्या, की गावाची सगळी रीतभात मधे असून तिला कुणाचं तोंड दाबता आलं नाही.

सोमवारी गौतमी पुढच्या डब्यात एकटी बसली. सगुणाबाई गवताचा भारा घेऊन मुद्दाम मागच्या डब्यात चढली. संध्याकाळी पूर्णेत पुलाच्या जिन्याखाली गाडी उभी होती. लोक धावत होते, खिडक्यांतून टॉवेल पडत होते, टोप्या पडत होत्या. सगुणाबाई वाकळ छातीशी धरून तशीच उभी राहिली.

गौतमी शाळेतून आली. डब्यावरची पाटी वाचली.

"आपलीच हाय, माय."

मग सगुणाबाईनं पदर खोचला आणि वाकळ फेकली. आत कुणीतरी ओरडलं, पण तोवर अख्खं बाकडं झाकलं गेलं होतं.